झेडएक्स स्पेक्ट्रमची मेमरी चिप बदलायची, पण नेमकी कोणती?

बंद पडलेला स्पेक्ट्रम, म्हणजे ऐंशीच्या दशकातला सिंक्लेअरचा घरगुती संगणक, उघडला की बहुतेकांचा हात थेट सोल्डरिंग आयर्नकडे जातो. आठच्या आठ रॅम चिप काढा, नव्या बसवा, झालं, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. एका चिपला सोळा पाय. आठ चिप म्हणजे सोल्डरचे १२८ डाग, आणि चाळीस वर्षं जुन्या बोर्डावर त्यातला प्रत्येक डाग काढताना खालचं तांबं उखडू शकतं. चांगल्या सात चिप काढताना बोर्ड खराब झाला तर त्या दुरुस्तीला काय म्हणायचं? त्यात स्पेक्ट्रमच्या रचनेमुळे कोणती चिप गेली आहे हे बऱ्याचदा पडद्यावरच दिसतं. ते वाचता आलं की अर्धं काम आयर्न तापायच्या आधीच होतं.

हा लेख ४८के स्पेक्ट्रमबद्दल आहे. १९८२ साली आलेलं रबरी कळांचं मूळ मशीन आणि त्याच बोर्डावर आधारलेला स्पेक्ट्रम प्लस, दोन्हींना तो लागू पडतो. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काढला होता आणि त्याची काही हजार मशीनं विकली गेली. त्यामुळे माळ्यावर, जुन्या कपाटात असं एखादं सापडण्याची शक्यता अजून आहे. १२८के मॉडेलची मेमरी वेगळी, तिथे हे चिपचे क्रमांक चालणार नाहीत.

दोन मेमऱ्या, दोन स्वभाव

स्पेक्ट्रममध्ये १६ के रॉमनंतर (मशीनमधला कायमचा प्रोग्रॅम) पत्ता १६३८४ पासून रॅम सुरू होते. ३२७६७ पर्यंतच्या पहिल्या १६ के भागाला खालची रॅम म्हणतात. बोर्डावर आयसी ६ ते आयसी १३ या त्या आठ चिप, प्रकार ४११६. ३२७६८ ते ६५५३५ हा ३२ केचा भाग म्हणजे वरची रॅम, आयसी १५ ते आयसी २२. अगदी पहिल्या, इश्यू १ बोर्डावर हा वरचा भाग वेगळ्या छोट्या बोर्डावर असायचा. बाकी सगळीकडे तो मुख्य बोर्डावरच आहे.

प्रत्येक चिप एका बिटाची, म्हणजे बाइटमधल्या आठ ०-१ अंकांपैकी एकाची. आयसी ६ म्हणजे बिट ०, आयसी ७ म्हणजे बिट १, असं करत आयसी १३ म्हणजे बिट ७. वरच्या रांगेतही तसंच, आयसी १५ बिट ० आणि आयसी २२ बिट ७. हा क्रम कागदावर लिहून समोर ठेवा, पुढे सतत लागेल.

खालच्या ४११६ चिपला तीन व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. यातलं उणे ५ नाजूक प्रकरण आहे. ते नसताना १२ व्होल्ट पोहोचले तर चिपमधून भलताच प्रवाह वाहतो आणि ती तापून मरते. १२ आणि उणे ५ तयार करणारं सर्किट बोर्डावरच आहे: टीआर ४ हा ट्रान्झिस्टर, त्याचा जोडीदार टीआर ५ आणि एक छोटी कॉइल. चिप शॉर्ट झाली की टीआर ४ जातो, आणि टीआर ४ चं सर्किट बिघडलं की चिपा जातात. म्हणून खालच्या रॅमची दुरुस्ती ही कधीच फक्त चिपची दुरुस्ती नसते.

वरच्या चिपला एकच ५ व्होल्ट पुरतं. या चिपांची गोष्ट मजेदार आहे. कारखान्यात ६४ केची जी चिप अर्धीच चांगली निघायची, ती ३२ केची म्हणून स्वस्तात विकली जाई. टेक्सासची ४५३२ आणि ओकीची ३७३२ याच जातीच्या. कोणता अर्धा भाग चांगला, त्यानुसार बोर्डावर तारेचा एक दुवा लावलेला असतो, म्हणून आठही चिप एकाच प्रकारच्या लागतात.

आधी वीज

मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर, आणि पिनचा मधला भाग ऋण. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरचा मधला भाग धन असतो, तेव्हा लावण्यापूर्वी मीटरने बघाच. मूळ अडॅप्टर नियंत्रित नसल्याने भार नसताना ९ पेक्षा बरेच जास्त व्होल्ट दाखवतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

रबरी कळांच्या मॉडेलला खालून पाच स्क्रू असतात. झाकण एकदम उचलू नका. कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात आणि वयामुळे त्या कडक झालेल्या असतात. सरळ वर ओढून काढा, दुमडू नका.

वीज न लावता पहिली तपासणी करा. मीटर ओहमवर ठेवा. ४११६ चा पाय १ म्हणजे उणे ५, पाय ८ म्हणजे १२ व्होल्ट, पाय ९ म्हणजे ५ व्होल्ट आणि पाय १६ म्हणजे ग्राउंड. पाय १६ ला एक प्रोब ठेवून बाकी तिघांशी मोजा. जवळपास शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे.

आठही चिप एकाच लाइनवर असल्याने शॉर्ट कोणती हे मीटर सांगत नाही. ज्यांच्याकडे प्रवाहमर्यादा लावता येणारा बेंच सप्लाय आहे त्यांनी १२ व्होल्टच्या लाइनवर फक्त १ व्होल्ट द्यावा, मर्यादा अर्धा अँपिअर ठेवावी, आणि प्रत्येक चिपवर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा थेंब टाकावा. ज्या चिपवरचा थेंब सगळ्यांत आधी सुकतो, ती शॉर्ट. ही युक्ती सोपी आहे आणि सहसा फसत नाही.

शॉर्ट नसेल तर वीज लावा आणि तिन्ही व्होल्टेज मोजा. प्रोब घसरून शेजारच्या दोन पायांना एकदम लागणार नाही याची काळजी घ्या, पाय ८ आणि ९ जवळ असलेल्या जागी विशेष. ५ व्होल्ट नसेल तर ७८०५ रेग्युलेटर आणि अडॅप्टर बघा. १२ किंवा उणे ५ नसेल तर लगेच वीज बंद करा आणि टीआर ४ काढून तपासा. मूळचा झेडटीएक्स ६५० अजून मिळतो. हे सर्किट ठीक होईपर्यंत नव्या ४११६ ला हात लावू नका. बदललेल्या चिप दुसऱ्या दिवशी पुन्हा मेल्या अशी जी रड ऐकू येते, त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत हीच पायरी टाळलेली असते.

पडद्यावरच्या रेघा वाचणं

स्पेक्ट्रमचं चित्र खालच्या रॅममध्येच असतं. पत्ता १६३८४ पासून ६१४४ बाइट ठिपक्यांचे, त्यापुढचे ७६८ बाइट रंगांचे. एका बाइटमध्ये आडवे आठ ठिपके, डावीकडचा बिट ७ आणि उजवीकडचा बिट ०. म्हणजे एखादी चिप कायम १ देत असेल तर दर आठ ठिपक्यांमागे एक उभी रेघ येणार, आणि आठातली तिची जागा म्हणजेच चिपचा क्रमांक.

मशीन चालू होताना रॉम काय करतो ते माहीत असेल तर हे आणखी नेमकं वाचता येतं. आधी तो किनार पांढरी करतो. मग वरच्या टोकापासून खाली येत सगळ्या रॅममध्ये २ हा आकडा भरतो. ठिपक्यांच्या भागात २ म्हणजे फक्त बिट १ चालू, अर्थात बारीक उभ्या रेघा. रंगांच्या भागात २ म्हणजे काळ्यावर लाल. म्हणून धडधाकट स्पेक्ट्रम चालू करताना क्षणभर काळ्या पडद्यावर बारीक लाल रेघा दिसतात, मग पडदा काळा होतो आणि शेवटी पांढऱ्यावर सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ येते.

तो क्षण मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये टिपा. लाल रेघा दिसल्याच नाहीत आणि पडदा नुसता काळा राहिला, तर बिट १, म्हणजे आयसी ७, शून्यावर अडकलेली असू शकते. रेघा लाल नसून जांभळट गुलाबी दिसल्या आणि शेजारी उजवीकडे आणखी एक रेघ चिकटलेली असेल, तर बिट ० कायम १ आहे, म्हणजे आयसी ६. काळ्याऐवजी निळी पार्श्वभूमी म्हणजे बिट ३, आयसी ९. लाल नेहमीपेक्षा भडक म्हणजे बिट ६, आयसी १२. सगळा पडदा लुकलुकत असेल तर बिट ७, आयसी १३, कारण रंगाच्या बाइटमधला बिट ७ लुकलुकण्यासाठीच ठेवलेला आहे. रंग आणि रेघेची जागा दोन्ही एकाच चिपकडे बोट दाखवत असतील तर निदान जवळजवळ पक्कं.

खालच्या रॅममध्ये असा दोष असला की मशीन बेसिकपर्यंत, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या भाषेपर्यंत, सहसा पोहोचत नाही. ते कुठेतरी भरकटतं किंवा पुन्हा पुन्हा सुरुवातीला येतं. अशा वेळी मागच्या कनेक्टरवर लावायचं डायग्नोस्टिक रॉमचं कार्ड उपयोगी पडतं. हे रॉम काम करताना रॅमवर विसंबत नाहीत आणि बिघडलेल्या बिटांची यादी दाखवतात. एकाहून जास्त मशीनं दुरुस्त करणार असाल तर ते घ्या. एकाच मशीनसाठी मी आधी रेघांवर भरवसा ठेवेन.

जुन्या आरएफ (अँटेनाच्या) जोडणीतून नव्या टीव्हीवर चित्र येत नसेल तर आधी काँपोझिट (थेट व्हिडिओची) जोडणी करून घ्या. रंगच नीट दिसत नसतील तर वरचं काहीही वाचता येणार नाही.

वरची रॅम: पीक आणि पोक

वरची रॅम खराब असली तरी मशीन सहसा चालू होतं, म्हणून ही तपासणी सोपी. पीक म्हणजे एखाद्या पत्त्यावरचा आकडा वाचणं, पोक म्हणजे तिथे लिहिणं. बेसिकमध्ये लिहा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर रॉमच्या मते ४८ के पूर्ण आहेत. ३२७६७ आलं तर वरची रॅम सुरुवातीलाच नापास झाली. मधला आकडा आला तर त्याच्या पुढच्याच पत्त्यावर पहिला दोष आहे.

पण ६५५३५ पाहून निर्धास्त होऊ नका. रॉमची परीक्षा ढिली आहे. तो प्रत्येक जागी २ भरतो, मग दोनदा एक-एक कमी करून शेवटी शून्य येतं का तेवढं बघतो. एखादा बिट १ वर अडकला असेल तर तो सापडतो. पण बिट २ ते ७ पैकी कुणी शून्यावर अडकला असेल तर रॉमला पत्ताही लागत नाही, कारण त्या बिटांत तो कधी १ लिहीतच नाही. असा दोष मोजक्याच पत्त्यांवर असेल तर बेसिक व्यवस्थित चालतं, छोटे खेळ चालतात आणि टेपवरून ४८ केचा खेळ लोड झाला की मशीन कोसळतं. यात टेप बिचारी फुकट बदनाम होते.

म्हणून स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहा. आधी क्लिअर ३२७६७, म्हणजे बेसिकचा पसारा खालच्या रॅममध्ये येतो. मग फॉर लूप लावून ३२७६८ ते ६५५३५ सगळीकडे २५५ पोक करा, आणि ते संपल्यावर वेगळ्या लूपने पीक करून तपासा. लिहिणं आणि वाचणं एकाच लूपमध्ये करू नका. लिहून लगेच वाचलं की मेलेली चिपही कधीकधी पास होते. मग हेच ०, ८५ आणि १७० घेऊन करा. शेवटी प्रत्येक पत्त्यावर त्याच पत्त्याला २५६ ने भागून येणारा पूर्णांक लिहा. बेसिकचा वेग पाहता प्रत्येक फेरीला काही मिनिटं लागतील, चहा करून घ्या. पीक आणि पोक दोन्ही ओ या एकाच कळीवर आहेत. पोक साध्या दाबाने येतो, पीकसाठी एक्स्टेंडेड मोड लागतो.

आता वजाबाकी. २५५ लिहून २३९ वाचलं तर फरक १६, म्हणजे बिट ४, म्हणजे आयसी १९. फरक १ असेल तर आयसी १५, २ तर १६, ४ तर १७, ८ तर १८, ३२ तर २०, ६४ तर २१, १२८ तर २२.

एकाच बिटाची चूक असेल तर ती चिपची, मग ती सगळ्या पत्त्यांवर असो की मोजक्या. पण बरेच बिट एकदम चुकत असतील, किंवा शेवटच्या फेरीत भलत्याच पत्त्याचा आकडा वाचला जात असेल, तर चिप काढायच्या आधी त्यांना पत्ता पुरवणाऱ्या दोन ७४एलएस१५७ बघा, आयसी २५ आणि २६. शिवाय निवड करणाऱ्या आयसी २३ आणि २४. खालच्या रॅमसाठी हेच काम आयसी ३ आणि ४ करतात. आठ मेमरी चिप एकाच दिवशी मेल्या असं वाटतं तेव्हा बहुधा यांपैकी एक दहावीस रुपयांची चिप गेलेली असते.

संशयित चिपच्या डोक्यावर चांगली चिप पायाला पाय लावून बसवायची, म्हणजे पिगीबॅक करायचं, हा प्रकारही प्रसिद्ध आहे. मेलेली चिप गप्प बसलेली असेल तर तो चालतो. ती लाइन ओढून धरत असेल तर काहीच बदल दिसत नाही. फरक पडला तर पुरावा, नाही पडला तर त्यावरून काहीच ठरवू नका.

कोणती चिप आणायची

खालच्या रांगेसाठी १५० नॅनोसेकंदांची ४११६ घ्या. वेग चिपवरच्या शेवटच्या अंकात लपलेला असतो. काही कंपन्या सरळ १५ लिहितात, काहींच्या खुणेत २ म्हणजे १५० असतं. ४ ची खूण असलेल्या संथ चिप स्वस्त मिळाल्या तरी नको.

वरच्या रांगेत ४५३२ च्या जागी पूर्ण ६४ केची ४१६४ चालते. दोन्ही अर्धे चांगले असल्याने दुवा कुठेही असला तरी अडत नाही. फक्त १२८ आवर्तनांत रिफ्रेश होणारी (साठवलेलं टिकवण्यासाठी सतत उजळणी होणारी) चिप घ्या, कारण झेड८० या प्रोसेसरचा रिफ्रेश मोजणारा आकडा सात बिटांचाच आहे.

चांगल्या ४११६ मिळेनात तर खालीही ४१६४ बसवता येते, पण थेट नाही. तिचा पाय ८ हा ५ व्होल्टचा आहे आणि बोर्डावर तिथे १२ येतात, तशीच खोचलीत तर ती तत्काळ जाईल. पाय १, ८ आणि ९ बाहेर वाकवा. पाय १ मोकळा सोडा, पाय ८ ला आयसी बेसच्या (चिप खोचायच्या सॉकेटच्या) ९ व्या छिद्रातले ५ व्होल्ट तारेने द्या, आणि पाय ९ ग्राउंडला म्हणजे पाय १६ ला जोडा. आठही चिप अशा बदलल्या तरी १२ व्होल्टचं सर्किट काढून टाकू नका, चित्र तयार करणाऱ्या एलएम१८८९ ला ते लागतं.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली इथे आयसी बेस, फ्लक्स, ७४एलएस मालिका सहज मिळते. रॅम चिप बहुधा मागवावी लागते किंवा जुन्या पीसी एक्सटीच्या कार्डांवरून काढावी लागते. तशा कार्डावरच्या ४१२५६ ला भुलू नका. ती दिसायला सारखीच, पण तिचा पाय १ पत्त्याचा आहे आणि रिफ्रेशही वेगळा.

काढणं आणि बसवणं

मेलेली चिप वाचवायचा मोह टाळा. बारीक टोकाच्या कटरने सोळाही पाय अंगालगत कापा आणि अंग उचलून टाका. मग बोर्डात उरलेल्या प्रत्येक पायावर थोडा फ्लक्स आणि थोडं नवं शिसं द्या. जुना डाग नव्या शिशाशिवाय नीट वितळत नाही. साधारण ३५० अंशांचं आयर्न टेकवा, चिमट्याने पाय धरा आणि तो स्वतःहून सुटला की उचला. ओढू नका. ग्राउंडचा पाय १६ रुंद तांब्याला जोडलेला असल्याने उष्णता शोषतो. तिथे जास्त वेळ रेटण्यापेक्षा आयर्नला जाडसर टोक लावा.

छिद्रं पंपाने किंवा तांब्याच्या वेणीने मोकळी करा. वेणी घासायची नाही, वरून दाबून सरळ उचलायची. एखादं छिद्र हट्टी असेल तर पुन्हा शिसं भरून पुन्हा ओढा. टाचणीने टोकरलंत तर आतली कल्हई निघते आणि वरच्या बाजूचा ट्रॅक तुटतो.

मग आयसी बेस लावा. नवी चिप थेट डाग देऊन बसवू नका. बेसची खाच आणि बोर्डावरची खूण जुळवा, आणि काम सुरू करण्यापूर्वी काढलेल्या फोटोशी पडताळा. डाग दिल्यावर बेसच्या प्रत्येक छिद्रातून शेजारच्या चिपच्या त्याच पायापर्यंत बीप वाजते का बघा. पत्त्यांचे आणि व्होल्टेजचे पाय रांगेत सगळ्यांना समान असतात. पाय २ आणि १४ हे माहितीचे, ते शेजाऱ्याशी जुळणार नाहीत. शेजारशेजारच्या दोन पायांत बीप वाजली तर डाग ओघळलाय.

बेस रिकामा ठेवून वीज लावा आणि व्होल्टेज पुन्हा मोजा: खालच्या रांगेत पाय १, ८, ९ वर, वरच्या रांगेत फक्त पाय ८ वरचे ५ व्होल्ट. ते बरोबर आले तरच वीज बंद करून चिप बसवा. हातातली स्थिर वीज आधी एखाद्या धातूच्या नळाला किंवा अर्थ केलेल्या वस्तूला हात लावून उतरवा.

मशीन चालू झालं की पीकचा आकडा बघा, पाच फेऱ्यांचा प्रोग्रॅम पुन्हा चालवा आणि तासभर तसंच सुरू ठेवा. काही चिप गार असताना पास होतात आणि गरम झाल्यावर बिट सोडतात. या तासात अधूनमधून बोट लावून बघा. ४११६ कोमट राहणं साहजिक आहे, पण एखादी शेजारणींपेक्षा फारच तापत असेल तर तिचा नंबर पुढचा समजा आणि आणखी एक चिप मागवून ठेवा. मागच्या कनेक्टरवर जॉयस्टिक किंवा कार्ड लावायचं असेल तर वीज बंद करूनच लावा. त्या कडेवर ९, १२, ५ आणि उणे ५ सगळे उघडे आहेत, आणि चालू मशीनमध्ये तिरकं खोचलेलं एक कार्ड टीआर ४ आणि नव्या चिप दोन्ही घेऊन जातं.